डब्यातलं हाड

लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा खाटकाच्या नव्या बायकोने वाटाणे सोलता सोलता पलीकडच्या खोलीतलं भांडण ऐकलं. मुद्दाम नव्हे. मधे नुसती फळ्यांची भिंत, आणि सासऱ्यांचा आवाज तर दगडातूनही आला असता.

"खाटकाचं पोरगं आणि ताटात भोपळा? लोक म्हणतील, मालातच खोट आहे, म्हणून हा स्वतः खात नाही."

"बाबा, दिवसभर हातात तेच असतं. घशाखाली उतरत नाही हो."

"उतरव. गिऱ्हाईक आधी तुझ्या ताटात डोकावतं, मग तराजूकडे बघतं. दुकान बसलं, की खा मग जन्मभर भोपळा."

इकडे सुनेच्या हातातली शेंग हातातच राहिली. भीतीने नव्हे, सुटकेच्या आनंदाने. माहेरी ताटात कायम शेंगा, दाणे आणि परसातली भाजी. मटण शिजवतात कसं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खाटकाच्या घरात ते कुठल्या तोंडाने सांगावं, याचाच तिला आठवडाभर घोर लागला होता.

पण सासऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. भोपळा आणायचा तरी दुकान चालायला हवं.

दुसऱ्या दिवशी तिने डबा भरला. घेवड्याचे लाल दाणे रात्रीच भिजत घातले होते, ते मऊ शिजवले. कांदा मंद आचेवर चांगला तपकिरी होऊ दिला, मग लसूण, टोमॅटो, गाजर आणि मिरपूड घातली. मूठभर दाणे चेचून रश्श्यात मिसळले, की तो असा दाट होतो की बघणाऱ्याने बोलूच नये. शेवटी दुकानातलंच एक हाड उकळून, घासून लख्ख केलं आणि कागदात गुंडाळून वर ठेवलं.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"ताटाच्या कडेला ठेवा. खायचं नाही, दिसू द्यायचं."

तो दुकानाच्या तोंडाशीच स्टुलावर बसून जेवला. सासऱ्यांनी लांबून हाड पाहिलं आणि म्हणाले, "आता कसं." त्यानंतर ते हाड रोज डब्यातून जाई आणि रोज धुऊन परत येई. सासरे गेल्यावर तर दोघं त्याला मामंजीच म्हणू लागले. "मामंजी बसले का डब्यात?" असं विचारल्याशिवाय तो घरातून हलत नसे.

आता गंमत अशी, की त्या रश्श्याचा वास रस्त्यापर्यंत जाई. गिऱ्हाईक विचारी, "कुठला तुकडा हो हा?" खाटीक बापडा तोंडात घेवडा घोळवत सुरीने दाखवी, "तो, मधला." तो तुकडा लगेच खपे.

पण घरी नेऊन ती चव येईना. मग एक दिवस समोरची शिंपीण तिच्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"काकी, तुम्ही काहीतरी लपवताय."

"काय लपवायचंय? आधी दाणे भिजव. कांद्याला घाई करू नकोस. गाजर, कोबी, असेल ती भाजी घाल."

"आणि मटण?"

"घाल की. नावाला."

शिंपीण हुशार. नावाला म्हणता म्हणता तिने ते नावापुरतंही ठेवलं नाही. तिच्याकडून बाकीच्या शिकल्या. शिंप्याची ढेरी अशी उतरली, की तो गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून स्वतःच्याच विजारी आत घेत बसला. सगळ्यांची प्रकृती सुधारली, एक खाटकाचं दुकान तेवढं आजारी पडलं.

"माल तोच, तराजू तोच," तो जेवताना म्हणे. "कुणाची नजर लागली कळत नाही."

ती मान खाली घालून वाढत राही. नजर कुणाची ते तिला चांगलंच ठाऊक होतं. पण सांगणार काय? की अहो, तुमची भाकरी मीच चार घरी वाटून आले?

मग एका संध्याकाळी तो घरी आला तो हसतच.

"शिंपीण आली होती. म्हणाली, सासूबाई राहायला येताहेत, एक हाड द्या. मटण नको, नुसतं हाड. आणि चांगलं घासून द्या म्हणाली."

तिने झारा खाली ठेवला. "मीच शिकवलं त्यांना," ती म्हणाली. "दुकान बसलं ते माझ्यामुळे."

त्याने डबा उघडून मामंजींना धुवायला काढून ठेवलं. मग म्हणाला, "घेवडा कुठून आणतेस तू?"

पुढच्या महिन्यात मटण टांगायच्या आकड्यांखाली घेवड्याचं पोतं आलं. मग चवळीचं, मग हरभऱ्याचं. आकडे रिकामे होत गेले, त्यांना लसणाच्या जुड्या लटकल्या. पाटी मात्र खाटकाचीच राहिली, आणि ताटाच्या कडेला हाडही. आता त्याने कुणी फसत नव्हतं. पण वडिलांचं बोलणं मोडायचं नाही, म्हणून जन्मभर भोपळाही खाल्ला आणि हाडही दाखवलं. दोन्ही शब्द पाळणारा असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

म्हातारपणी डबा दुकानात तीच पोहोचवू लागली. ती शेवटचा डबा घेऊन निघाली, तेव्हा तो शेवटचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यात खास काही नव्हतं. घेवडा होता आणि भोपळ्याच्या फोडी होत्या. वाटेत तिने शिंपिणीच्या दारात अंमळ दम घेतला.

"काकी, आज काय?"

"रोजचंच."

दुकानात तिने डबा ओट्यावर ठेवला. म्हाताऱ्याने झाकण उघडून पाहिलं.

"मामंजी कुठायत?"

"कागदात. डोळे आहेत ना?"

त्याने हाड काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि जेवायला बसला. तो जेवेपर्यंत तिने उद्यासाठी दाणे निवडले. मग हाड धुतलं, पदराला पुसलं, कागदात गुंडाळलं आणि रिकामा डबा घेऊन घराकडे निघाली.