चीनची सात राज्यं आणि आमचा पोळा

आयुष्यात मी एकदाच लढाई थांबवायला निघालो, आणि त्या लढाईचा आराखडाही मीच पुरवला.

निजामाच्या अमलातली गोष्ट. अंबड तालुक्यातल्या आमच्याच गावात मी उर्दू शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर होतो. इतिहासाला तिथं तारीख म्हणत. तारीख मी शिकवायचो, पण पोरांनी पुस्तकाबाहेरचं काही विचारलं की मला लगेच तहान लागायची. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, हैदराबादेहून बदलून आलेले, भरपूर वाचलेले गृहस्थ. चीनच्या जुन्या इतिहासावर त्यांचा फार जीव. गावात ऐकणारं कुणी सापडेना, म्हणून मी सापडलो.

शाळा सुटली की ते चहा मागवत आणि मला दोन हजार वर्षं मागं नेत. चीनमध्ये तेव्हा सात मोठी राज्यं. अडीचशे वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेली. आणि नवल असं की, याच काळात तिथं विचारवंतांचं पीक आलेलं. कुणी सांगे, राजानं रीतभात सांभाळावी. कुणी सांगे, कायद्याचा बडगा हवा. एकाचं म्हणणं, राजानं काहीच करू नये, सगळं आपोआप बराबर होतं. ही मंडळी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात हिंडत. राजे त्यांना जेवू घालत, मान डोलवत आणि मग लढाईला निघत.

“समझे आप?” सदरसाहेब विचारत.

मला समजत होतं. आमच्या घरात दोनच राज्यं होती, पण हाल तेच.

माझे दोन काका. वडील लवकर गेले आणि मी पगारी माणूस, म्हणून वाट्यात पडलो नाही. आजोबा गेल्यावर वर्षभरात वाटणी झाली. थोरल्या काकांनी विहिरीजवळचा तुकडा घेतला. बैलजोडी धाकट्या काकांच्या वाट्याला गेली. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण ती जोडी मानाची. पोळ्याला गावचे सगळे बैल वेशीत उभे राहतात, त्यांची मंगलाष्टकं होतात, आणि तोरणाखालून पहिली जाते ती आमच्या घरची जोडी. ती गेली की पोळा फुटला. आता थोरले काका म्हणायचे, मान थोरल्या घराचा, माझी नवी जोडी पहिली जाईल. धाकट्या काकांचं म्हणणं, मान बैलांचा, आणि बैल माझ्या दावणीला आहेत. आदल्या वर्षी वेशीत काठ्या निघाल्या होत्या. एका गड्याचा हात मोडला. यंदा दोन्हीकडे काठ्यांना तेल चाललं होतं आणि माझ्या दोन्ही काकूंना रात्रीची झोप नव्हती. भाऊ भावाच्या हातून मरणार, हे गाव उघड बोलत होतं.

मी दोन्ही घरी जेवायचो. त्यामुळे शहाणपण सांगायचा अधिकार आपल्याला आहे, असं मला वाटे. मी ठरवलं, थोरल्या काकांना सात राज्यांची गोष्ट सांगायची. अडीचशे वर्षांची नासाडी ऐकून कुणाचंही मन विटेल.

संध्याकाळी ओट्यावर मी सांगू लागलो. काका सुपारी कातरणं थांबवून ऐकत होते. मला वाटलं, लागला बाण.

“मंग शेवटी जिंकलं कोण?” त्यांनी विचारलं.

“पश्चिमेकडचं एक राज्य. त्यानं बाकीची सहाही गिळली. पण काका, पुढं पंधरा वर्षंसुद्धा—”

“गिळले कसे, ते सांग. जल्दी सांगू नको, बैजवार सांग.”

मी सांगितलं. सहा जण एक झाले तर जड जातील, म्हणून त्यानं एकेकाशी वेगळी मैत्री केली, एकाला दुसऱ्यापासून फोडलं, आणि मग एकेकाला खाल्लं. काकांनी सुपारी तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या काकांच्या बाजूच्या कोळ्याला जेवायला बोलावलं. तिसऱ्या दिवशी तेल्याला. चौथ्या दिवशी धाकट्या काकांनी मला वाटेत गाठलं.

“काय रे मास्तर, तिकडं चीन शिकवून राह्यला म्हणं. मंग आम्ही काय सावत्र हाव? ते सहा जण एक कसे झाल्ते, तेवढं सांग मला.”

मी नाही म्हणालो असतो. पण शिक्षकाला कुणी आपण होऊन प्रश्न विचारावा, ही काय चीज असते ते शिक्षकालाच कळतं. सांगून बसलो.

पोळा तीन दिवसांवर आला तेव्हा गावात दोन फळ्या पक्क्या झाल्या होत्या. मी रडवेला होऊन सदरसाहेबांकडे गेलो. ते हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. त्यांनी एका विचारवंताची गोष्ट सांगितली. मोठं राज्य लहान राज्यावर चढाई करणार, हे कळल्यावर तो दहा दिवस, दहा रात्री चालत त्या मोठ्या राजाकडे गेला. पायाला फोड आले तर चिंध्या बांधल्या. राजाच्या कारागिरानं तट फोडायची यंत्रं केली होती. यानं कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर तट मांडला, लाकडाच्या चिपा घेतल्या आणि कारागिराला म्हणाला, कर हल्ला. नऊ वेळा हल्ला झाला, नऊ वेळा यानं परतवला. राजानं लढाई मोडली.

“और अगर वो हार जाता?” मी विचारलं.

“आप भी अजीब हैं, मास्तर,” सदरसाहेब म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, दुपारी मी थोरल्या काकांकडे गेलो. काकूंनी पूजेचे मातीचे बैल करून उन्हात ठेवले होते. मी कासऱ्याची वेस मांडली, दोन विटांचे खांब केले, माणसांच्या जागी खडे ठेवले, बैल घेतले आणि म्हणालो, “काका, धाकट्या काकांच्या बाजूनं मी. करा हल्ला.”

काकांनी तिसऱ्या डावाला माझा धुव्वा उडवला. पाचव्याला तर माझी माणसं कुठं आहेत, ते मलाच सापडेना. चीन सोडा, मला माझी गल्ली राखता आली नाही.

काका खुशीत आले. “बघ, उद्या असंच!”

तेवढ्यात मधल्या भिंतीवरून आवाज आला. वाटणीत घातलेली, छातीइतकी भिंत. पलीकडे धाकटे काका बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होते, आणि सगळा खेळ बघत होते.

“त्या येड्याला काय हरवता? माझे माणसं तिथं न्हाईतच. ते लिंबाच्या बाजूनं येतील.”

थोरले काका वर न बघता म्हणाले, “येऊन दाखव म्हणावं.”

धाकटे काका हळदीच्या हातानं भिंत ओलांडून आले. वाटणीनंतरच्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मला कोपरानं बाजूला सारलं आणि भावासमोर मांडी घातली.

बोलणं असं नव्हतंच. “हे घे.” “मंग हे घे.” काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या. वेस अरुंद, दोन जोड्या एकावेळी मावत नाहीत. धाकट्या काकांनी मानाची जोडी घातली, थोरल्यांनी आपली आडवी आणली, मागून माणसं रेटली, आणि डावा बैल खांबाला दाबून त्याचा पाय तुटला. माती ओली होती. त्यांनी पुन्हा मांडलं. थोरल्यांनी बाजू बदलली. पुन्हा तोच डावा बैल दाबला गेला. चौथ्या वेळी त्याचं शिंगही गेलं.

“डाव्यालाच का आणतो खांबाकडं?” थोरले काका चिडले. “माहीत हाय ना, त्याला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. गर्दीत बुजतो तो.”

“दुसरीकडून जागाच न्हाई.”

“मंग आणू नको ना!”

“मान त्याचा हाय, दादा. न आणून कसं?”

थोरल्या काकांनी तो तीन पायांचा बैल उचलला. खऱ्या डाव्याला त्यांनीच वासरू असताना बाटलीनं दूध पाजलं होतं. त्याची माय व्याल्यावर लगेच गेली होती. ते बोटानं ओली माती दाबून पाय चिकटवू लागले. तो चिकटेना.

मग भिंतीपलीकडून खरा बैल हंबरला. धाकटे काका उठून गेले. माझ्या मनात होतं, आता काहीतरी थोर बोलावं. नशीब, सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेशीत दोन्ही फळ्या काठ्या घेऊन हजर. मी सगळ्यात मागं, शहाण्या माणसाच्या जागी. मंगलाष्टकं संपली. थोरल्या काकांनी नवी जोडी गड्याच्या हवाली केली आणि एकटे पुढं निघाले. गर्दीनं वाट दिली. ते मानाच्या जोडीपाशी गेले, डाव्याच्या आंधळ्या बाजूला उभे राहिले आणि कासऱ्याला हात घातला. धाकट्या काकांनी सोडला नाही. दोघांनी धरलेला तो कासरा घेऊन जोडी तोरणाखालून गेली. डावा बुजला नाही.

नंतर पूजेला जोडी आधी थोरल्या घरच्या दारात आली. काकूंनी खुरांवर पाणी घातलं.

“दाताला कसा हाय?” थोरल्या काकांनी बैलाच्या गळ्याखाली खाजवत विचारलं.

“खातो बराबर. सरकी भिजवून द्यावी लागती.”

“कोमट पाण्यात भिजव.”

“कोमटच भिजवतो.”

“मंग जरा जास्त येळ भिजव.”

बैलाच्या दातांवर बोलत दोघं बराच वेळ उभे होते. मी अधेमधे तोंड घालून बघितलं, तर थोरले काका म्हणाले, “मास्तर, उभा काय राह्यला? पाण्याची बादली आण.”

मी आणली.