पाचवा मंगळवार

आमच्या ओळीत बावीस दुकानं आहेत आणि म्बोक सातिनेमशी वाद घालून त्यांतल्या एकाही दुकानदाराने आजवर काही मिळवलेलं नाही. सगळे तिला म्बोक, म्हणजे आई, म्हणतात, तिच्याहून थोरलेसुद्धा. मी तिचा शेजारी दार्मो. स्टोव्ह, कुकर, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. आमच्या दुकानांमध्ये वीतभर जाडीची एक भिंत आहे आणि एकतीस वर्षं मी त्या भिंतीतून तिचं सगळं ऐकत आलो आहे. तिचा खोकला, तिच्या शिव्या, आणि नवरा गेल्यावर चाळीस दिवस काहीच ऐकू आलं नाही, तेही.

ती दोरखंड विकते. दावी, कासरे, वेसणी, शेळ्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा. घायपाताचा वाख स्वतः मांडीवर वळते. सत्तरी उलटली तरी तिच्या हातचं दावं बैलाला तोडता येत नाही. नायलॉनची दोरीही ठेवते, पण कुणी मागितली की तोंड वाकडं करते.

"ही घे. बैलाची मान कापली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

गिऱ्हाईक मुकाट्याने वाखाची दोरी घेतं.

तिचा नवरा वागीमान स्वभावाने थंड होता. आमच्याकडे जावात सात दिवसांचा आठवडा ऑफिससाठी, शाळेसाठी आणि मशिदीसाठी. बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आमचा बाजार पोनला भरतो, आणि वागीमान जन्मला वागेला. "बाजार उठल्यावर दुसऱ्या दिवशी जन्मलेला माणूस हा," ती त्याच्या तोंडावर म्हणायची. "आयुष्यभर सगळीकडे एक दिवस उशिरा पोचला." तो गेला तेव्हा मातीवरून परत येताना तिने मला एवढंच सांगितलं, "मरायची तेवढी घाई केली बघ त्याने." आणि रस्त्यातच बसून रडली.

पोनला डोंगरातून माणसं उतरतात. शेळ्या, बैल, कोंबड्या, कोळशाच्या पाट्या, कसाव्याची पोती. उरलेले चार दिवस ओळ शांत असते. कार्तो लोहार विळे घडवतो, टोपल्यावाली टोपल्या विणते, सातिनेम दोर वळते. पोनला विकायचं तर चार दिवस बनवावं लागतं. हे आम्हाला इतकं सवयीचं, की कुणाला समजावून सांगावं लागेल असं कधी वाटलंच नाही. आणि तिथंच आम्ही फसलो.

गेल्या वर्षी गावच्या कचेरीने बसस्थानकाशेजारी तीन मजली नवा बाजार बांधला. पांढऱ्या फरश्या, वर पंखे. आमची ओळ पाडून तिथं गाड्या लावायची जागा करायची असं ठरत होतं. फक्त त्याआधी मोजणी करायची होती. आमचा बाजार घसरतोय की सुधारतोय? घसरत असेल तर ओळ जाणार आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

एका मंगळवारी सकाळी दहाला गालिह नावाचा कारकून मोटरसायकलवरून आला. पंचविशीचा, घाबरट आणि फार सभ्य. हातात माणसं मोजायचं टिकटिक यंत्र आणि बगलेत कागदांची फाईल. ओळीसमोरच्या चिंचेखाली खुर्ची टाकून बसला आणि बारा वाजेपर्यंत मोजत राहिला. सदतीस माणसं आली. त्यांतला एक पत्ता विचारायला आला होता.

जाण्याआधी त्याने प्रत्येकापुढे फाईल धरली. स्थलांतराला संमती असेल त्याने सही करायची होती. मी सही केली. आता कुणी स्टोव्ह दुरुस्त करत नाही, नवा घेतात. चार चार दिवस माझ्या दुकानात माशीसुद्धा कंटाळते. नव्या जागेत सहा महिने भाडं माफ होतं. कारणं बरीच होती आणि सगळी खरी होती. तरी सातिनेमला मी सांगितलं नाही. भिंतीपलीकडे तिचं खोकणं ऐकलं की माझी मान आपोआप खाली जायची.

गालिह पुढच्या मंगळवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. एक्केचाळीस, एकोणतीस. आम्ही जावाची माणसं, पाहुण्याला 'तुझं चुकतंय' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आम्ही त्याला खडीसाखरेचा चहा पाजला, सोयाबीनच्या तेंपेची भजी खाऊ घातली, तो जे म्हणेल त्याला "हो, हो" म्हणालो. टोपल्यावालीने तर त्याच्या लग्नासाठी मुलगीही सुचवली. पण तू भलत्याच दिवशी येतोयस, हे बावीस दुकानांतल्या एकाही तोंडाने त्याला सांगितलं नाही.

चौथ्या मंगळवारी चव्वेचाळीस आकडा लिहून त्याने यंत्र खिशात टाकलं आणि सातिनेमचा निरोप घ्यायला आला.

"झालं आजी. फार पाहुणचार केलात."

"काय झालं?"

"मोजणी."

तिच्या हातातला वाख थांबला. "मोजायला तू सुरुवात कधी केलीस?"

"चार आठवडे तेच करतोय ना आजी!"

"मला वाटलं, तू जागा बघून ठेवतोयस." ती उठून उभी राहिली. "पोरा, क्लिवोन, पाहिंग, वागे, लेगी. चारदा आलास आणि चारही वेळा पोन चुकवलास. नेम धरून तरी कुणाला जमेल का रे हे?"

गालिहचा चेहरा उतरला. तोही इथलाच, पोन म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. पण वेळापत्रक वरून आलं होतं, त्यात मंगळवार लिहिला होता, आणि लिहिलेलं वाचल्यावर डोकं चालवायची सवय कचेरीत कुणाला नसते.

"आता काही करता येणार नाही, आजी. शुक्रवारी अहवाल जातोय."

"तुला नाही करता येणार," ती म्हणाली. "मला येईल."

दुसऱ्या दिवशी तिने दुकान बंद केलं. वागीमान गेल्यानंतरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी बरोबर गेलो. खरं तर ती सही मनाला टोचत होती म्हणून गेलो. कचेरीतले साहेब भले गृहस्थ होते, आणि भल्या गृहस्थाकडून काम करून घेणं फार कठीण असतं.

"आजी, वेळापत्रक ठरलेलं आहे. मंगळवारीच मोजायचं. ते मला बदलता येत नाही."

"बदला म्हणतंय कोण? मंगळवारीच या. येत्या मंगळवारी पोन आहे. मंगळवार तुमचा, पोन आमचा. भांडण कुठं आहे?"

साहेबांनी मागे वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारखेखाली बारीक अक्षरांत पोन छापलेलं होतं. त्यांच्या डोक्यामागे ते वर्षभर लटकत होतं.

"पण नमुन्यात रकाने चारच आहेत."

"पट्टी द्या. पाचवा मी आखते."

साहेब हसले आणि जेवायला गेले. सातिनेम बाहेरच्या बाकावर बसली, पिशवीतून वाख काढला आणि दोर वळू लागली. संध्याकाळपर्यंत दोर बाकापासून शिक्के मारणाऱ्या बाईच्या दारापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी पोनचा बाजार उठल्यावर परत आलो, तिने तिथूनच पुढे वळायला घेतला. शिपायाला दर खेपेला पाय उचलून ओलांडावा लागायचा.

"आजी, हा दोर उचला इथून. कुणीतरी पडेल."

"उचलते की. साहेबांचा होकार आला की लगेच उचलते."

दुपारी तीन वाजता साहेब स्वतः अडखळले. पडले नाहीत, पण फाईल पडली. कागद गोळा करत ते म्हणाले, "बरं. पाचवा मंगळवार. दहा ते बारा."

"सहा ते दहा," ती म्हणाली. "दहाला माणसं घरी पोचलेली असतात."

परत येताना मिनीबसमध्ये मला राहवलं नाही. त्या सकाळच्या पोनला गर्दी बेताचीच होती, ती तिनेही पाहिली होती. सुगीचे दिवस, आणि हल्ली शेळ्यांचे सौदे फोनवरही होतात. मी म्हणालो, "म्बोक, माझ्या मेहुण्याच्या गावातून दोन ट्रक माणसं आणता येतील. टोपल्यावालीच्या माहेरचेही येतील. नुसतं फिरायचं, चहा प्यायचा."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"भाड्याची माणसं दावं विकत घेतील का?"

"तसं नव्हे, आकडा..."

"माणसं यायची असतील तर येतील. नाही आली तर मीच पहिली सही करेन आणि जिना चढेन. पण खोटी गर्दी माझ्या दारात नको."

मंगळवारी सहाला गालिह चिंचेखाली बसला. धुकं होतं. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. सात-आठ माणसं आली. कार्तो भाता सोडून रस्त्यावर येऊन उभा राहिला. सातिनेम दावी खुंटीला लावत होती, एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही तिने. पण तीच तीन दावी ती पुन्हा पुन्हा काढून लावत होती, हे मी पाहिलं. चार आठवड्यांपूर्वी याच बाजाराला मेलेला समजून मी सही केली होती, आणि आता तो जिवंत असावा म्हणून उभ्या उभ्या दुआ मागत होतो.

आधी घंटा ऐकू आल्या. मग खिंडीतून पहिला ट्रक उतरला, शेळ्यांनी भरलेला. त्याच्यामागे मोटरसायकली, मागे बांधलेल्या पाट्यांत कोंबड्या. मग पायी येणाऱ्या बायका, पाठीवर कोळसा. सात वाजता गालिह खुर्चीवरून उठला, कारण बसून त्याला दिसेना. आठ वाजता त्याचा अंगठा दुखायला लागला तेव्हा त्याने यंत्र दुसऱ्या हातात घेतलं. एका बोकडाने त्याची टोपी खाल्ली.

सातिनेमच्या दुकानापुढे रांग होती. "कासरा केवढ्याला?" "तीस हजार रुपिया." "पंचवीस द्या." "पंचवीसला नायलॉन मिळेल. तुझ्या बैलाला विचारून ये, मी थांबते." माणूस हसला आणि तीस देऊन गेला.

दहाला बाजार उठला. गालिह घामाने भिजून सातिनेमच्या पायरीवर बसला. तेराशे बारा. त्याने पट्टीने पाचवा रकाना आखला आणि आकडा लिहिला. मग शेवटच्या पानावर आला.

"एक प्रश्न राहिलाय आजी. दुकानदाराचं मत. बाजार घसरतोय की सुधारतोय? एकावर खूण करायची." त्याने पेन आधीच 'सुधारतोय'वर टेकवलं होतं.

"घसरतोय," सातिनेम म्हणाली.

"आजी!"

"खोटं कशाला लिहायचं? मी लग्न होऊन आले तेव्हा बैल खालच्या पुलापर्यंत उभे असायचे. या ओळीत पाय ठेवायला जागा नसायची. आज तेराशे आहेत, तेव्हा पाच-सहा हजार असतील. घसरतोय, लिही. आणि त्याच्या बाजूला हेही लिही, की घसरला तरी तेराशे माणसं येतात. त्यांना दावं लागतं, विळा लागतो, आणि शेळी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही."

गालिहने साहेबांच्या भाषेत नाही, तिच्याच शब्दांत ते लिहून घेतलं. जागा पुरेना म्हणून समासात लिहिलं.

मी तिथंच उभा होतो. म्हणालो, "गालिह, ती संमतीची यादी काढ. माझी सही खोडायची आहे."

भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईसमोर हे बोलताना मला किती लाज वाटली ते सांगता येणार नाही. ती खुंटीवरच्या उरलेल्या दोऱ्या गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "खोडू दे रे त्याला. चार आठवडे झाले, ती सही खातेय बिचाऱ्याला."

"तुला ठाऊक होतं?"

"त्या कागदावर तुझ्या सहीखालची कोरी जागा माझ्या नावाची होती, दार्मो. मला वाचता येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुला वाटलं बाजार मेला. चार दिवस मलाही तसंच वाटतं." तिने शेवटची गाठ मारली. "पाचव्या दिवशी नाही वाटत."

मी सही इतकी खोडली की कागद फाटला. माझ्यामागून आणखी सहाजण आले. मला वाटलं होतं, मी एकटाच आहे.

सात आठवड्यांनी पत्र आलं. कार्तोने ते ओळीच्या मधोमध उभं राहून मोठ्याने वाचलं. ओळ तूर्त राहणार होती. तीन वर्षांनी पुन्हा मोजणी होणार, आणि ती पोनच्या दिवशी, सकाळी सहापासून. टोपल्यावालीने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी भज्यांची परात आणली. मी तर डोळे पुसले, आणि पुसताना कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

सातिनेमने पत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं.

"तीन वर्षं म्हणजे पोन किती?"

मी फोन काढून भागाकार केला. "दोनशे एकोणीस."

"दोनशे एकोणीस." तिने पत्राची घडी घालून कमरेला खोचली. "पुष्कळ झाले. त्यातला पहिला उद्या आहे आणि तुम्ही इथं भजी खात उभे आहात."

ती आत गेली. आम्हीही आपापल्या दुकानात गेलो.