उजव्या चाकाचा ओघळ

आधीच सांगते, मी अंगारे-धुपाऱ्यातली बाई नाही. कुणाला साधी दृष्टसुद्धा काढू देत नाही. बदनापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, जुन्या जालन्यात राहते आणि छंद म्हणाल तर लष्करी गाड्यांची छोटी मॉडेल्स बनवते. प्लॅस्टिकचा किट मागवायचा, जोडायचा, रंगवायचा... आणि मग खरं काम — ती गाडी जुनी करायची. स्पंजच्या तुकड्यानं रंगाचे टवके उडालेले दाखवायचे, ऑइल पेंट पातळ करून गंजाचे ओघळ सोडायचे, वस्त्रगाळ माती ब्रशनं चाकांवर बसवायची. कोरी गाडी खेळणं वाटते. वापरलेली दिसली की डोळ्यांना पटते.

माझ्या या कामाचं सगळ्यात जास्त कौतुक विलासला, माझ्या धाकट्या भावाला. तो जाफराबादकडे एका मालकाच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. गाडी मूळची मिल्ट्रीची, लिलावात घेतलेली. मालकानं वर टाकी बसवून ती पिवळी करून टाकली होती. विलास म्हणायचा, "ताई, हिला एकदा तिच्या हिरव्या रंगात बघायचंय मला. तुह्या हातानं कर ना बारकी."

मागच्या उन्हाळ्यात भरलेला टँकर उतारावर सुटला आणि पुलाच्या कठड्यावरून खाली गेला. विलास जागीच संपला. मालकानं चहाच्या टपरीपासून तहसीलपर्यंत सांगितलं, "पोरगा पिलेला होता." गाडी लगेच भंगारात गेली. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर कुठंही दारूचं नाव नव्हतं, पण कागद वाचतो कोण? लोकांनी मालकाचं ऐकलं. आणि आमच्या वडिलांनी, अण्णांनीही ऐकलं. गळ्यात माळ, जन्मात सुपारी खाल्ली नाही असा माणूस. मला म्हणाले, "मालक कशाला खोटं बोलंल? त्याचं तर नुकसानच झालं." विलासचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. त्याचं नाव निघालं की उठून गॅलरीत जायचे. अण्णा माझ्याकडेच राहतात. एका घरात राहून आम्ही जेवणापुरतं बोलायचो.

दिवाळीनंतर मला त्याच गाडीचा किट मिळाला. मी ती हिरवी केली. दाराजवळचे टवके, टपावरची धूळ, बंपरवरचा गंज — सगळं मन लावून केलं. वॉर्निशचा शेवटचा हात मारला आणि खिडकीतल्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूनं एक काळपट ओला ओघळ. मी तो रंगवलेला नव्हता. वाटलं, ऑइल पेंट झिरपला असेल. टर्पेंटाइननं पुसला. परत आला. मग चाकच काढलं, घासून पार प्लॅस्टिकपर्यंत नेलं, नव्यानं रंगवलं, वाळू दिलं... तरी परत तिथंच. बाकी तीन चाकं कोरडी ठणठणीत. बोटाला तेलकट लागायचं आणि वास टर्पेंटाइनचा नव्हता, कसला तरी उग्र होता. अण्णांना विचारलं, तुम्ही हात लावला का? ते म्हणाले, "मला काय करायचंय त्या गाडीला."

अशात एका रविवारी सकाळी नामदेव आला. हा विलासबरोबर त्याच टँकरवर पाळीनं ड्रायव्हर होता. आता त्याचं नवं घर झालं होतं. वास्तुशांतीची पत्रिका द्यायला आला होता. चहा घेता घेता त्यानं टेबलावरची गाडी पाहिली. "अरे, ही तर आपलीच गाडी!" म्हणत हौसेनं उचलली, उलटी केली आणि थबकला. बोट लावलं, नाकाशी नेलं. गाडी हळूच टेबलावर परत ठेवली.

"ताई... इथं ब्रेक ऑइल कुणी लावलं?"

"मी काहीच लावलं नाही."

"ह्याच चाकाचं ब्रेकचं सिलेंडर गळत होतं. म्या मालकाला सांगितल्तं. विलासनं बी सांगितल्तं. मालक म्हणला, पाऊस पडेपर्यंत ओढा."

गॅलरीच्या दारात अण्णा उभे होते. कधी आले मला कळलं नाही. म्हणाले, "मंग माझं पोरगं पिलेलं न्हवतं?"

नामदेव म्हणाला, "न्हाई काका. माझ्यासमोर चहा पिऊन गेल्ता."

"चल. मालकासमोर हेच बोल."

"काका, मला त्याच्यासंगच काम करायचंय," एवढंच बोलून तो निघून गेला.

वास्तुशांतीला अण्णा मला घेऊन गेले. भोकरदनमार्गे काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं. मांडवात मालक पुढच्या खुर्चीवर बसला होता. अण्णांनी चार लोकांत नामदेवला विचारलं, "माझ्या घरी काय बोलला ते इथं सांग."

नामदेव हसला. "काका, काय बोलून राह्यले तुम्ही? म्या कव्हा काय म्हणलो? जेवून घ्या अगोदर."

मी मधे पडून आमच्या टेबलावरच्या गाडीला आलेल्या ब्रेक ऑइलचं सांगायला लागले, तेव्हा एक जण म्हणाला, "बाई, खेळण्यातल्या गाडीला ऑइल?" लोक हसले. कुणीतरी अण्णांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. "म्हातारं पोराच्या दुःखानं कामातून गेलं," असं मागून ऐकू आलं, अण्णांनाही. पुढ्यात बुंदीचं ताट आलं. अण्णांनी त्याला हात लावला नाही.

त्यानंतर तो ओघळ आजपर्यंत आलेला नाही. चाक कोरडं आहे. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. कुणी म्हणालं, रबरी टायरमधून तेल सुटून रंगावर येतं. माझे टायर प्लॅस्टिकचे आहेत. कुणी म्हणालं, वॉर्निश खराब असेल. तेच वॉर्निश सगळ्या गाडीवर आहे. आणि समजा काहीतरी झिरपत असेलही, पण नामदेवनं वास घेतला, तो कशाचा होता? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.

अण्णा हल्ली दुपारी टेबलाशी बसतात, गाडी उलटी करून अंगठ्यानं ते चाक फिरवून बघतात. परवा मला म्हणाले, "त्या दिवशी हिला मांडवात न्यायला पाहिजे होतं. तिथं गळलं असतं का गं?"