छपराचे पैसे आणि कंपनीचे शेअर

मैत्रिणींनो, आज एकादशी. देवळातून येऊन वरीचे तांदूळ निवडत होते, तेवढ्यात वरंधची सखूमावशी आली. तिचा मुलगा मुंबईत ज्या कंपनीत नोकरीला आहे, तिचे शेअर विक्रीला येणार आहेत. घराच्या छपरासाठी ठेवलेले पैसे त्यात घालू, तुझ्या नावावर घेतो, असं त्याचं आईला सांगणं.

"व्याज किती गो मिळंल?" मावशीने विचारलं.

मी म्हटलं, "व्याज बाँडला, मावशी. ते कंपनीला दिलेलं कर्ज. शेअर घेतला की आपण भागीदार. नफ्यात वाटा, पण कंपनी बुडाली तर आपले पैसेही बुडाले."

"म्हंजे शेळी वाट्यानं दिल्यावानी. करडं झाली तर अर्धी आपली, वाघानं नेली तर कोनाशी भांडनार?" मग हसली. "पोरगा नोकर आन मी मालकीन."

तिने तिथूनच मुलाला फोन लावला. "बोकड इकले त्यांचे पैसे घाल. छपराचे नाय."

तो हिरमुसला असावा. मावशी मऊ आवाजात म्हणाली, "तुझ्या कंपनीवर इस्वास हाय रे. पन पाऊस नफ्याची वाट बघत नाय."

मी रोज हिशेबाची वही लिहिते, पण छपराचे पैसे कुठले आणि बोकडाचे कुठले, हे कधी वेगळं मांडलं नव्हतं. तुम्ही मांडता का?