पहिल्या खुर्चीतली मावशी

रोग कोणताही असो, आमच्या आरोग्य उपकेंद्रावर पहिल्या खुर्चीत मावशीच बसायची. क्षयरोग दिन, हिवताप दिन, मधुमेह दिन. मी तिथली नर्स, वर्षभर नुसते दिन आणि सप्ताहच साजरे करायची. देऊळघाट गावाच्या अलीकडे, उपकेंद्राच्या कुंपणाला लागूनच मावशीचा भाजीचा मळा होता. माणसं नाही जमली की गावातली आशाताई कुंपणावरून हाक मारायची. मावशी चिखलाचे हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन हजर. "आज कायचा दिन हाय वं?" एवढंच विचारायची.

क्षयरोग दिनाला तर तिनं मलाच विचारलं, "खोकू का, बाई?" स्तनपान सप्ताहात एकही बाळंतीण फिरकली नाही आणि बाराच्या आत ग्रुपवर फोटो टाकायचा साहेबांचा हुकूम. सत्तरीची मावशी शेजारणीचं लेकरू मांडीवर घेऊन बसली. "बाप्पा, या वयात काय काय करा लावता वं तुम्ही!" आम्ही पोट धरून हसलो. फोटोला वरिष्ठांचे अंगठेही आले. त्या हसण्याची आज मला चीड येते.

रक्तदाब दिनाला यंत्राचा फुगा फाटलेला होता. नवा मागून मागून मी थकले होते. पट्टा तिच्या दंडाला नुसता गुंडाळला, काट्याकडे बघितल्यासारखं केलं, आशाताईनं फोटो काढला.

"किती हाय?" मावशीनं विचारलं.

आता काय सांगणार? "छान आहे, मावशी."

केवढी खूश झाली! दुपारी मेथीची जुडी घेऊन आली. मग कुठलाही दिन असला तरी ती आपणहून बाही वर सारायची, आणि मी मेली दर वेळी पट्टा गुंडाळून "छान" म्हणायची.

दिवाळीनंतर तिचं डोकं दुखायला लागलं, चक्कर यायला लागली. मुलगा बुलढाण्याला डॉक्टरकडे न्यायला गाडी काढून उभा, पण ती जाईना. "काऊन जाऊ? बाई तपासते न मले!"

"जाऊन या एकदा, मावशी," मी म्हणाले.

"काऊन? तुम्हीच तं छान सांगता न?"

यंत्र फुटकं आहे, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. नोकरीची भीती, साहेबांचा धाक आणि सगळ्यात जास्त लाज.

आठवड्याभरात तिचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा बसली. महिन्यानं ती गेलीच. त्याआधी मी एकदाच भेटायला गेले होते. मुलगा तिच्या उशाशी बसला होता.

"बाई, डॉक्टर म्हणे बीपी लय दिवसांपासून वाढला असन, कोणाच्या ध्यानात कसा नाही आला? म्या सांगतलं, आमच्या बाई तं नेहमी तपासत. तपासत होत्या न तुम्ही?"

मावशी माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हणाले.

तिला बोलता येत नव्हतं. माझं खरं आहे हे मुलाला पटावं म्हणून तिनं दोनदा मान हलवली.