गहिनीनाथचं इंजिन, दिलावरभाईंची आग

काष्टीच्या स्टँडवर उतरून कुणी गहिनीनाथ टर्नरचा पत्ता विचारला, तर चहावाला आधी माणूस नीट बघून घ्यायचा आणि मग म्हणायचा, "कोन, त्ये येडं रेल्वेवालं?" गावाचं हे असंच असतं. माणूस दिवसभर पारावर पत्ते कुटत बसला तर त्याला कुणी वेडा म्हणत नाही. पण दिवसभर लेथवर पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे बुश काढून संध्याकाळी त्याच लेथवर कुणी बोटाएवढा पिस्टन काढायला बसला, की झाला वेडा!

गहिनीनाथला त्याचं काही वाटत नसे. लहानपणी त्यानं गावच्या स्टेशनात कोळशाची इंजिनं पाहिली होती. ती बंद झाली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखा तो दोन-चार दिवस गप्प होता. पुढे मोबाईल आला आणि त्यात त्याला परदेशातले म्हातारे दिसले. गुडघ्याएवढ्या उंचीचं इंजिन, पण खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालणारं, आणि मागच्या डब्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेला म्हातारा तोंडभर हसतोय. ते बघितलं आणि गहिनीनाथची झोप उडाली. त्यानं नकाशे मिळवले. निम्मे कळले, निम्मे स्वतःच्या डोक्यानं बसवले. चाकं झाली, चौकट झाली, सिलिंडर झाले. घोडं अडलं ते बॉयलरपाशी.

त्यानं बोअरच्या लोखंडी पाइपचा तुकडा घेतला, दोन्ही तोंडांना पत्रा वेल्ड केला आणि आपल्यावरच खूश होऊन बसला. त्याच दिवशी दिलावरभाई सायकलच्या ॲक्सलचं काम घेऊन दुकानात आले. दिलावरभाईंची सगळी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलेली. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बसून बायकोच्या, म्हणजे मलिकाभाभींच्या, स्वयंपाकात चुका काढत होते. त्यांनी तो पाइप उचलला, बोटानं वाजवला आणि खाली ठेवला.

"ह्यात आग घालशील तो दिवस ध्यानात ठेव," ते म्हणाले. "दहाव्याला मीबी येतो."

अशी दोस्ती झाली. नवा बॉयलर दिलावरभाईंनी केला, तांब्याच्या पत्र्याचा, सांधे चांदीच्या ब्रेझिंगचे, म्हणजे चांदी वितळवून जोडलेले. गहिनीनाथनं नुसतं हाताखाली काम केलं. बॉयलर झाल्यावर त्यात थंड पाणी भरून हातपंपानं दुप्पट दाब चढवला आणि दिलावरभाई त्याच्यावर चक्क मांडी घालून बसले. "फुटायचा आसंल तर माझ्याखाली फुटंल," म्हणाले. फुटला नाही. मग त्यांनी वाटणी करून टाकली. इंजिन गहिनीनाथचं, आग त्यांची.

ही वाटणी पुढे देवाच्या शब्दासारखी पाळली गेली. दुकानामागच्या रिकाम्या जागेत लिंबाभोवती लोखंडी पट्ट्यांचा रूळ टाकला होता. पुढच्या डब्यावर दिलावरभाई बसायचे, आग आणि पाणी त्यांच्याकडे. त्यांच्या मागे गहिनीनाथ. वाफ सोडायचा दांडा त्यानं मुद्दाम लांब करून दिलावरभाईंच्या कुशीखालून मागे आणला होता. एका इंजिनावर दोन चालक असं जगात कुठंच नसेल, पण इथं होतं आणि छान चाललं होतं.

दिलावरभाईंनी त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. बॉयलरला पाण्याची काच असते. आत पाणी किती आहे, ते त्या काचेच्या नळीत दिसतं. पाण्याची रेघ मध्यावर असली की सगळं ठीक. पण नळी काठोकाठ भरली की रेघ दिसत नाही, आणि पार रिकामी झाली तरी रेघ दिसत नाही. भरलेली काच आणि रिकामी काच सारखीच दिसते. म्हणून शंका आली की काचेखालची तोटी सोडून बघायची. पाणी पडून काच पुन्हा भरली तर ठीक, नाही भरली तर आग ओढून बाहेर काढायची आणि लांब पळायचं.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली नव्हती, ती गहिनीनाथला त्यांच्याकडे बघूनच कळली. बॉयलरवरच्या माणसाला पाण्याचं विचारायचं नसतं. "पानी बघितलं का?" असं जुन्या माणसाला विचारणं म्हणजे भर बाजारात त्याची टोपी उडवणं. कारखान्यात एका नव्या साहेबानं दिलावरभाईंना तसं विचारलं होतं. त्यांनी हातातलं फावडं साहेबाच्या हातात दिलं आणि "मग तुमीच बघा" म्हणून घरी निघून आले. साहेबाला त्यांना आणायला घरी यावं लागलं. ही गोष्ट ते वर्षातून एकदा तरी सांगायचे आणि दर वेळी त्यांची छाती फुगायची.

दसऱ्याला गहिनीनाथकडे अग्निप्रदीपन व्हायचं. कारखान्यात हंगामाआधी बॉयलर पेटवायचा सोहळा असतो ना, तसंच. कारखान्यात जोडपं पूजेला बसायचं, पुढारी जळता पलिता धरून फोटो काढून घ्यायचे आणि जेवायला जायचे. खरी आग नंतर दिलावरभाई लावायचे, तेव्हा तिथं कुत्रंही नसायचं. इथं मात्र रतनबाई, म्हणजे गहिनीनाथची बायको, इंजिनाला झेंडूचा हार घालायची, मलिकाभाभी शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन यायच्या आणि पलिता दिलावरभाईंच्या हातात असायचा. टोपी सरळ करून, बिस्मिल्ला म्हणून ते आग लावायचे आणि आजूबाजूचं सगळं गाव टाळ्या वाजवायचं. त्या एका दिवशी कुणी कुणाला वेडं म्हणत नसे.

मग दिलावरभाई विसरायला लागले.

आधी हसण्यावारी गेलं. पाना हातात असून पाना शोधणं कुणाला चुकलंय? पण एकदा ते सकाळीच जुना खाकी ड्रेस घालून कारखान्याच्या ड्युटीला निघाले आणि भाभींनी त्यांना फाट्यावरून परत आणलं. एकदा त्यांनी कोळशाचं फावडं भरलं आणि शांतपणे पाण्याच्या टाकीत ओतलं. गहिनीनाथनं टाकी उपसली. दिलावरभाई बाजूला उभे राहून बघत होते आणि त्यांचा चेहरा इतका कोरा झाला होता की गहिनीनाथला त्यांच्याकडे बघवेना.

मलिकाभाभी दुकानात आल्या त्या गणपतीच्या दिवसांत. बुरखा नीट करत स्टुलावर बसल्या.

"गहिनीभाऊ, त्यांच्या हातात आता आग देऊ नका," त्या म्हणाल्या. "घरात मी गॅसचं बटन बंद करून ठेवते. तुमच्याकडं मला बंद करता येत न्हाई. तुमी सांगा. माझं ऐकणार न्हाईत, तुमचं ऐकतील."

"सांगतो, भाभी," गहिनीनाथ म्हणाला. आणि खरंच सांगणार होता.

किती वेळा त्यानं तोंड उघडलं! दिलावरभाई दुकानात यायचे, इंजिनाच्या पितळी टोप्या फडक्यानं पुसायचे, हंगामाच्या गप्पा मारायचे. गहिनीनाथ लेथ बंद करायचा, जवळ जायचा आणि चहा मागवायचा. त्याला वाटायचं, हा माणूस सगळं विसरत चाललाय, नातवंडांची नावं गेली, रस्ते गेले. राहिलीय ती ही एक आग. तीही मीच काढून घेऊ?

रतनबाई मात्र फटकळ. "आवो, तुमी त्यांना जपताय का सोताला?" तिनं जेवताना विचारलं. "त्यांना वाईट वाटंल म्हून न्हाई, तुमाला वाईट दिसायचं न्हाई म्हून गप हाय तुमी." गहिनीनाथनं भाकरी अर्धी टाकून हात धुतला. खरं बोललेलं लागतंच.

दसरा आला. लोक जमले. गहिनीनाथनं आपली समजूत घातली होती, एवढा एक दसरा होऊ दे. आपण मागेच आहोत की, लक्ष ठेवू.

आग दिलावरभाईंनीच लावली आणि सुरेख लावली. वाफ धरली, शिट्टी झाली, पोरंबाळं किंचाळली. इंजिन लिंबाभोवती फिरायला लागलं. इंजिन चालू असताना पंप बॉयलरमध्ये पाणी ढकलायचा. नको असेल तेव्हा ते पाणी परत टाकीत वळवायला एक छोटा कॉक होता. दिलावरभाईंनी सुरुवातीला तो वळवला आणि परत फिरवायला विसरले. बॉयलरमधलं पाणी वाफ होऊन उडत राहिलं आणि नवं आत येईना.

गहिनीनाथनं त्यांच्या खांद्यावरून मान काढून काचेकडे बघितलं. काच स्वच्छ होती. रेघ नव्हती.

नुसतं हात पुढे करून तोटी सोडायची होती. किंवा म्हणायचं होतं, "दिलावरभाई, जरा तोटी सोडा." पण समोर सगळं गाव उभं होतं आणि दिलावरभाई लोकांकडे हात हलवून हसत होते. त्यांची पाठ किती ताठ होती त्या दिवशी! भरलेली असंल, गहिनीनाथ मनाशी म्हणाला. एवढी वर्षं ज्यांनी काच सांभाळली त्यांना आपण काय सांगायचं? त्यानं मान परत मागे घेतली.

पुढच्याच फेरीत आगीवरचा तांब्याचा पत्रा लाल होऊन खाली बसला. मोठा स्फोट वगैरे झाला नाही, फटकन आवाज आला आणि सगळी वाफ पेटत्या कोळशासकट आगीच्या दारातून पुढच्या माणसाच्या अंगावर आली. गहिनीनाथला कानाजवळ थोडं भाजलं. दिलावरभाईंचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा होरपळला.

नगरला दवाखान्यात बरेच दिवस काढून ते घरी आले. जीव वाचला, डोळे वाचले. बोटं आखडून तळव्याला चिकटल्यासारखी झाली. घास भरवावा लागतो, चहा बशीतून पाजावा लागतो. गावानं दोन आठवडे चर्चा केली, कुणी गहिनीनाथला शिव्या दिल्या, कुणी म्हाताऱ्याला. मग ऊसतोड सुरू झाली आणि गाव आपल्या कामाला लागलं. इंजिनावर रतनबाईनं पोतं टाकलं. ते गहिनीनाथनं उचललं नाही.

दिलावरभाईंना अपघातातलं काहीच आठवत नाही. गहिनीनाथ रोज सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन खाटेशेजारी बसतो. रोज ते हात पुढे करून विचारतात, "हे काय झालं?" मलिकाभाभी म्हणाल्या होत्या, स्टोव्हनं भाजलं म्हणा. गहिनीनाथला तेवढं खोटं जमलं नाही. तो म्हणतो, "बॉयलर फुटला." मग दिलावरभाई उठून बसतात आणि कारखान्यातल्यासारखी चौकशी सुरू करतात.

"काच कुनी बघितली?"

"मी."

"तोटी सोडून बघितली?"

"न्हाई."

"मग तुझ्या हातात बॉयलर दिला कुनी? निघ हितनं!"

गहिनीनाथ निघतो. रोजच्या या शिव्यांचा त्याला आधारच वाटतो. मलिकाभाभी एका शब्दानं बोलत नाहीत, ते त्याला सोसत नाही.

परवा मात्र चौकशी वेगळ्या वाटेला गेली. दिलावरभाई हाताचं विचारायचं विसरले. गहिनीनाथकडे टक लावून बघत म्हणाले, "तू त्यो लेथवाला न्हवं का? तुजा बॉयलर फुटला म्हनं. पुढं कोन हुतं?"

"एक म्हातारं मानूस हुतं."

"आनि तू तोटी का न्हाई सोडली?"

हा प्रश्न त्यांनी आधी कधी विचारला नव्हता. गहिनीनाथ म्हणाला, "त्ये जुनं जानतं मानूस. इसरायला लागलं हुतं, मला ठावं हुतं. पन समद्यांसमोर कसं म्हनायचं, म्हून..."

दिलावरभाईंना राग आला नाही. अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "वाचला का त्यो?"

"वाचला."

"मग सांग त्याला जाऊन. तोंडावर सांग."

चहाची बशी घेऊन येणाऱ्या भाभी दारातच थांबल्या. गहिनीनाथनं ती आखडलेली बोटं आपल्या हातात घेतली.

"दिलावरभाई, त्ये तुमीच."

दिलावरभाईंनी खाली बघितलं. ते हात आपलेच आहेत हे त्यांना कळलं, अगदी स्पष्ट कळलं, आणि ते कळताना गहिनीनाथला बघावं लागलं.

"मी इसरतोय, त्ये माजं मला समजत हुतं रं," ते हळू म्हणाले. "पन आग सोडतो, आसं आपल्याच तोंडानं कसं म्हनायचं? तू म्हनशील, आज म्हनशील, म्हून वाट बघत हुतो."

भाभींनी पदर तोंडाला लावला. बशीतला चहा तसाच राहिला.