अजून एक हिवाळा

सुधाकर भावोजींच्या हातात काहीही द्या, आधी ते त्यावरून अंगठा फिरवायचे. पोळपाट असो नाहीतर चपलेची टाच, किती झिजलंय ते बघायचे आणि म्हणायचे, "टाकू नका वहिनी. अजून एक हिवाळा काढेल." आमच्या डॉक्टरांचे हे धाकटे भाऊ. पुण्यात स्कूटर दुरुस्त करण्यात जन्म गेला, आणि बायको वारल्यावर आमच्याकडे स्कॉटलंडला आले. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट.

मी तेव्हा डोंगरावरच्या स्की सेंटरच्या किचनमध्ये होते. तिथे शेडमध्ये कॅलम बर्फावरच्या गाड्या, म्हणजे स्नोमोबिल, सांभाळायचा. भावोजींसाठी मीच त्याच्याकडे शब्द टाकला. पहिल्याच दिवशी भावोजींनी क्लच उघडून बघितला आणि स्वारी खूश. "अहो, ही तर आपली बिनगिअरची स्कूटर. तोच पट्टा, तेच रोलर. चाकं काढून स्की घातलीय एवढंच." इंग्रजी जेमतेम, पण हातवाऱ्यांवर दोघांचं छान जमलं.

काम असं, की सीझनआधी प्रत्येक क्लच उघडायचा, पट्टा आणि रोलर मापाने तपासायचे, झिजलेले फेकून द्यायचे. फेकायचं म्हटलं की भावोजींचा जीव वरखाली व्हायचा.

त्या फेब्रुवारीत पाय मोडलेल्या एका मुलीला खाली आणताना गाडीचा क्लच अडकला. पोर बर्फात पडून राहिली. वाचली हो, पण आईला ओळखेना इतकी गारठली होती. कॅलमने क्लच उघडला तर रोलर झिजून एका बाजूने चपटे. तपासणीवर सही त्याची. तो स्वतःलाच दोष देत बसला, आणि वरचे लोक त्याला काढणार अशी कुजबुज किचनपर्यंत आली.

घरी येऊन ही कुजबुज सांगितली, तर भावोजींनी ताट सरकवलं. कचऱ्यातून उचलून, पुसून, ते रोलर त्यांनीच परत बसवले होते.

सकाळी मला म्हणाले, तुम्ही चला, इंग्रजीत सांगा. शेडमध्ये कॅलमने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बोला म्हणाला. घरची अब्रू झाकायला मी म्हटलं, जुने रोलर चुकून राहिले, यांच्या लक्षात आलं नाही.

भावोजींना तेवढं इंग्रजी कळायचं.

"वहिनी, 'मिस्टेक' म्हणू नका. फेकलेले मी उचलून बसवले. तसं सांगा."

सांगितलं. कॅलम ओरडला असता तरी चाललं असतं. त्याने नुसता खांद्यावरचा हात काढून घेतला.

परतताना बसमध्ये मी शेजारी बसायला गेले. "आज नको, वहिनी," म्हणाले आणि पिशवी सीटवर ठेवली. मी मागे बसले. गाव येईपर्यंत त्यांचे लालबुंद कान तेवढे दिसत होते.